वजा जाता चारशे दहा

सांगलीच्या हळदपेठेत मी वजनकाट्यावर बसते.
भरली गाडी, रिकामी गाडी, वजा जाता माल.
अकरा वर्षं हेच लिहिलं.
मग एका मंगळवारी टेम्पोत पोत्यांऐवजी ती आली,
तपकिरी, घामेजलेली, कान मागे पाडलेले,
आणि श्रीपाल चौगुले खाली उतरून म्हणाले,
"ताई, हिची पावती करता का? गिऱ्हाईक वजन विचारतंय."

वजा जाता चारशे दहा.
मालाच्या रकान्यात काय लिहू, विचारलं
तर म्हणाले, "हॅकनी. म्हणजे अर्धी.
बाप तो तसला, बग्गीचा, ऐटबाज.
आई इकडचीच, धनगरांचं बिऱ्हाड वाहणारी."

गिऱ्हाईक आलंच नाही.
चौथ्या दिवशी मीच गेले, भिशीचे पैसे घेऊन.

गल्लीतले जाणकार भोवरे मोजून गेले,
एक गळ्याखाली, एक नको तिथं.
"ही गाडीची जात. खोगीर घातलंत
तर रात्री मणके मोजत बसाल."
खरंच होतं ते.
दुडकीला लागली की सुपारी गुडघा असा उचलायची
जणू डांबरावर दर दोन हातांवर उंबरा आहे
आणि तो फक्त तिलाच दिसतो.
मी वर, सुपात पाखडलेल्या दाण्यासारखी,
जीभ चावलेली,
खाली येईस्तोवर ती पुढच्या उंबऱ्यावर.

मिरजेहून गौस नालबंद स्कूटरवर येतो,
डिकीत कानस, हातोडी, चहाच्या डब्यात खिळे.
तिचा खूर मांडीत धरून, माझ्याकडे न बघता म्हणाला,
"बाई, तुम्ही बसताय. बसू नका.
एका टापेला उठा, दुसरीला टेका.
तिचा पुढचा खांदा बघा, तो गेला की तुम्ही जायचं.
ती उडवते तेवढंच घ्या. जादा मागू नका."

हरिपूरच्या रस्त्यानं, चिंचांखालून, सकाळी सहाला
महिनाभर मी तोंडातल्या तोंडात मोजलं,
ऊठ टेक, ऊठ टेक.
दूधवाले हसले.
मांड्या सोलवटल्या, वर हळद दाबली,
तिला काय तोटा आमच्याकडे.
आणि एका गुरुवारी
मोजायचं विसरले
ते संगमावर पोचल्यावरच कळलं.

मग वरातीवाले यायला लागले.
"चाल बघितली हो, नुसती नाचते!"
दोघांना नाही म्हणाले. तिसरा भावाचाच मुलगा निघाला.
बँड वाजला, बाशिंग चढलं,
आणि सुपारी नाचली नाही.
तिला नाचता येत नाही. तिला फक्त जाता येतं.
मंडपावरून गेली, करवल्यांवरून, व्हिडिओवाल्यावरून,
ती सापडली अंकलीच्या पुलाअलीकडे,
उसाच्या ट्रॉलीमागं, वाढं ओढून खात.
नवरदेव दोन्ही मुठींत अयाळ घेऊन पालथा,
"आत्या, हिला ब्रेक कुठाय?"

लग्न लागलं. मुहूर्त तेवढा गेला.
वहिनी अजून बोलत नाही.

यंदा ती गाभण आहे, तासगावच्या एका शर्यतीच्या घोड्याची.
कुणी म्हणतं शिंगरू आजीवर जाणार,
ठेंगणं, मुकाट, पाठीवर संसार घेणारं.
कुणी म्हणतं गुडघा येणारच, गुडघा लपत नाही.
गौस काहीच म्हणत नाही, पोटाला कान लावतो
आणि बिडी विझवतो.

परवा पेठ उघडायच्या आधी
तिला पुन्हा काट्यावर उभी केली.
उभी कसली. हा पाय उचल, तो पाय उचल,
आकडा चारशे पन्नास, चारशे चौसष्ट, पुन्हा पन्नास.
मागं राजापुरी हळदीचा ट्रक हॉर्न देत होता.
मी पावतीवर लिहिलं, नग दोन.
वजनाच्या रकान्यापाशी पेन थांबलं,
मग लिहिलं, अजून हलतंय.